लस शहरात पोचली, मग वस्तीत का नाही? न्याय्य वाटपाचं गणित

20 मे 2025 रोजी जागतिक आरोग्य सभेने महासाथ करार मंजूर केला. पुढच्या महासाथीत लस आणि औषधांचा काही हिस्सा जागतिक आरोग्य संघटनेमार्फत गरजेप्रमाणे वाटला जावा, हा त्यातला कळीचा भाग. त्याचे तपशील ठरवणाऱ्या जोडपत्राची बोलणी वेगळी ठेवली गेली. चर्चा झाली ती देशादेशांमधल्या वाटपाची. पण खोकी विमानातून उतरून शहराच्या शीतगृहात पोचली की दुसरं वाटप सुरू होतं, आणि त्याबद्दल फारच कमी बोललं जातं.

2021च्या सुरुवातीला जगातल्या कितीतरी शहरांत एकच चित्र दिसलं. प्राधान्ययादी शास्त्रीय होती, लस फुकट होती, केंद्रं उघडी होती. तरीही ज्या वस्त्यांमध्ये कोविडने सर्वांत जास्त माणसं नेली, तिथेच लस सर्वांत हळू पोचत होती. हे कोणी ठरवून केलेलं नव्हतं. ते कसं घडलं आणि काही शहरांनी ते कसं बदललं, हे समजून घेण्यासारखं आहे.

## नळ सारखेच, दाब वेगळा

दहा मजली इमारतीला एकच पाण्याची लाइन आहे आणि खालून पंपाने पाणी चढतं, असं समजा. प्रत्येक घरात सारखाच नळ, पाणी सोडण्याची वेळही एकच. तरी खालच्या मजल्यावर धो-धो आणि दहाव्यावर थेंब थेंब. नियम सर्वांना सारखा लावला म्हणून पाणी सारखं पोचत नाही. वरच्या मजल्याला वेगळी लाइन लागते.

लसीच्या बाबतीत हा दाब म्हणजे मोकळा वेळ, वेगवान इंटरनेट, स्वतःचं वाहन, आणि फोन करून चौकशी करणारं घरातलं कोणीतरी. 'जो आधी येईल त्याला आधी' हा नियम ऐकायला निःपक्षपाती वाटतो. प्रत्यक्षात तो या चार गोष्टींची परीक्षा घेतो, आजाराच्या धोक्याची नाही.

वॉशिंग्टन शहराने जानेवारी 2021मध्ये 65 वर्षांवरच्या सर्वांसाठी नोंदणी खुली केली. वेळा भराभर संपल्या. प्रभागवार आकडे आल्यावर दिसलं की सधन अशा तिसऱ्या प्रभागातले लोक खूप पुढे होते, आणि अ‍ॅनाकोस्टिया नदीपलीकडचे सातवा व आठवा प्रभाग खूप मागे. कोविडमृत्यूंचा नकाशा याच्या उलट होता. मग शहराने मागे पडलेल्या प्रभागांसाठी नोंदणी इतरांच्या आधी उघडायला सुरुवात केली. लस तेवढीच राहिली, फक्त दार उघडण्याचा क्रम बदलला.

## प्राधान्यगट कशावरून ठरतात

आधी पाया पाहू. डोस कमी असतात तेव्हा प्राधान्यगट ठरवतात, म्हणजे कोणाला कोणत्या क्रमाने लस मिळेल त्याची यादी. तिच्यामागे साधारण तीन हेतू असतात: मृत्यू टाळणं, दवाखाने आणि अत्यावश्यक सेवा चालू ठेवणं, आणि ज्यांना आधीच जास्त झळ बसली त्यांना आणखी मागे न टाकणं.

कोविडमध्ये पहिल्या हेतूसाठी वय हा सर्वांत सोपा निकष होता. पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसाला मृत्यूचा धोका विशीतल्या माणसाच्या तुलनेत शंभर पटींहून जास्त होता. वय तपासायला सोपं असतं, त्यात वाद होत नाहीत. पण निव्वळ वयावर थांबलं तर एक चूक शिरते. कष्टाच्या, दाटीच्या वस्त्यांमध्ये मधुमेह, फुप्फुसांचे आजार लवकर गाठतात आणि आयुर्मानही कमी असतं. तिथे पंचाहत्तरीपर्यंत पोचणारेच थोडे. रेषा तिथे आखली की अशा वस्तीच्या वाट्याला आपोआप कमी डोस येतात.

म्हणून वयाबरोबर वस्तीचा निकष जोडतात. त्याला असुरक्षितता निर्देशांक म्हणतात: घरांची दाटी, उत्पन्न, वृद्धांचं प्रमाण, आजार, दवाखान्यांची उपलब्धता अशा गोष्टी एकत्र करून प्रत्येक भागाला दिलेला एक गुण. शिकागोने असाच निर्देशांक वापरून सर्वांत जास्त धोक्याचे 15 भाग निवडले आणि तिथे वेगळे डोस, वेगळी केंद्रं आणि घरोघरी नोंदणी सुरू केली.

## केंद्र वस्तीत आहे, पण लस कोणाला मिळते?

इथे बऱ्याच जणांची गफलत होते. गरीब वस्तीत केंद्र उघडलं म्हणजे तिथल्या लोकांना लस मिळाली, असं गृहीत धरलं जातं. न्यूयॉर्कमधल्या वॉशिंग्टन हाइट्स या बहुतांश लॅटिनो (लॅटिन अमेरिकी वंशाच्या लोकांच्या) वस्तीत जानेवारी 2021मध्ये एका मोठ्या क्रीडासंकुलात केंद्र उघडलं. काही दिवसांतच बातम्या आल्या की रांगेत बाहेरच्या भागांतले, बहुतांशी गोरे लोकच जास्त दिसतात. ऑनलाइन वेळा त्यांनी आधी पटकावल्या होत्या. त्यानंतर तिथल्या 60 टक्के वेळा आसपासच्या वस्त्यांसाठी राखून ठेवल्या गेल्या. फेब्रुवारीत यँकी स्टेडियममध्ये केंद्र सुरू झालं, ते पहिल्या दिवसापासून फक्त ब्राँक्सच्या, म्हणजे ते स्टेडियम ज्या विभागात आहे तिथल्या, रहिवाशांसाठी होतं.

यातून मोजणीचा एक नियम निघतो, आणि माझ्या मते या सगळ्या विषयात तो सर्वांत महत्त्वाचा आहे. डोस कुठे टोचला हे मोजू नका, ज्याला टोचला तो कुठे राहतो हे मोजा. आणि नुसता आकडा पाहू नका, त्या प्रभागातल्या दर शंभर पात्र माणसांमागे किती, ते पाहा. हे दोन रकाने नोंदवहीत नसतील तर शहराला अन्याय दिसतच नाही. जे दिसत नाही ते दुरुस्तही होत नाही.

## राखीव डोस: आधी भरायचे की नंतर?

आता जरा किचकट पण फार रंजक भाग. एका केंद्रावर 100 डोस आहेत. त्यातले 40 धोक्याच्या वस्तीसाठी राखीव, 60 सर्वांसाठी खुले. 300 जणांनी नावं दिली, त्यातले 100 त्या वस्तीतले. सर्वांची चिठ्ठी काढून 1 ते 300 अशी एकच यादी केली. म्हणजे यादीत साधारण दर तिसरा माणूस वस्तीतला.

पहिली पद्धत: आधी खुले 60 डोस भरा. यादीतले पहिले 60 जण घ्या. त्यात वस्तीतले सुमारे 20 येतील. मग राखीव 40 डोस वस्तीतल्या उरलेल्यांना क्रमाने द्या. वस्तीला एकूण 60.

दुसरी पद्धत: आधी राखीव 40 भरा. यादीत वरून पाहत वस्तीतले पहिले 40 जण घ्या. हे लोक साधारण 120व्या क्रमांकापर्यंत सापडतील. आता खुल्या 60 डोससाठी पुन्हा वरून यादी वाचा. वस्तीतले वरचे लोक आधीच निघून गेलेत, त्यामुळे हे 60 डोस 1 ते 90 क्रमांकांमधल्या बाहेरच्या 60 जणांना जातात. वस्तीला एकूण 40.

दोन्ही पद्धतींत कागदावर '40 टक्के राखीव' असंच लिहिलेलं असेल. राखीव डोसच नसते तर वस्तीला नुसत्या चिठ्ठीतून सुमारे 33 मिळाले असते. म्हणजे दुसऱ्या पद्धतीत 40 टक्के राखीव ठेवून प्रत्यक्षात वाढले फक्त 7, आणि पहिलीत 27. बाजाररचनेचा अभ्यास करणाऱ्या अर्थतज्ज्ञांनी 2020मध्येच या क्रमाच्या परिणामाकडे लक्ष वेधलं होतं. कॅलिफोर्नियाने मार्च 2021मध्ये राज्यातल्या डोसपैकी 40 टक्के सर्वांत वंचित चतुर्थांश भागांसाठी बाजूला ठेवले. आपलं शहर असा कुठलाही टक्का जाहीर करतं तेव्हा नागरिकांनी पुढचा प्रश्न विचारायला हवा: आधी कोणते डोस भरणार?

राखीव वेळ रिकामी राहिली तर? त्यासाठी सुटकेची मुदत आधीच ठरवतात. उदाहरणार्थ, 48 तास आधीपर्यंत जागा भरली नाही तर ती खुली होते. मुदत फार लवकरची ठेवली की राखीव जागा नावापुरतीच उरते, कारण वस्तीतल्या लोकांपर्यंत निरोप पोचायलाच दोन दिवस लागतात.

## एक कुपी, दहा माणसं

वाटपाचा निम्मा भाग लसीच्या भौतिक स्वरूपातच ठरतो. शीतसाखळी म्हणजे कारखान्यापासून दंडापर्यंत लस ठरावीक तापमानात ठेवणारी यंत्रणा. फायझरच्या लसीला सुरुवातीला उणे 70 अंशांच्या आसपास ठेवावं लागे. ती 195 कुप्यांच्या ट्रेमध्ये येई. कुपीला सहा डोस धरले तर एका ट्रेमध्ये 1,170. नेहमीच्या फ्रिजमध्ये, 2 ते 8 अंशांवर, ती फक्त पाच दिवस टिकते असं आधी धरलं जात होतं, आणि मे 2021मध्ये ही मुदत सुमारे महिनाभर झाली. पातळ केल्यावर मात्र सहा तासच. असा माल छोट्या दवाखान्याला झेपत नाही. तो मोठ्या रुग्णालयात जातो, आणि मोठी रुग्णालयं सगळ्या वस्त्यांजवळ नसतात. शहर कोणती लस कुठे पाठवतं, यावरच निम्मा न्याय ठरून जातो.

कोविशील्डसारखी लस 2 ते 8 अंशांत राहते, त्यामुळे ती वस्तीतल्या शिबिरात नेता येते. तिथे वेगळ्या चुका होतात. लस नेण्याच्या पेटीत, म्हणजे व्हॅक्सिन कॅरियरमध्ये, चार आइस पॅक लावतात. डीप फ्रीझरमधून काढलेला पॅक तसाच लावला तर कडेची कुपी गोठून निकामी होऊ शकते. म्हणून पॅक बाहेर ठेवायचे, पृष्ठभागावर पाण्याचे थेंब दिसू लागले आणि हलवल्यावर आत पाणी डुचमळलं की मगच पेटीत घालायचे. घाईत ही पायरी सुटते.

कुपीत दहा डोस असतात आणि एकदा उघडली की भारतातल्या नियमाप्रमाणे चार तासांत संपवायची. दुपारी साडेचार वाजता तीनच माणसं आली तर कुपी उघडायची का? 2021च्या जूनमधल्या केंद्र सरकारच्या नियमांनुसार राज्यांना लस देताना वाया गेलेल्या डोसचा परिणाम वजा बाजूने धरला जाणार होता. हेतू चांगला होता. पण असा नियम खालच्या केंद्रापर्यंत झिरपतो तेव्हा तिथली परिचारिका कुपी उघडायला कचरते आणि तिघांना 'उद्या या' म्हणते. त्यातला रोजंदारीवरचा माणूस उद्या येत नाही. मोठ्या केंद्रावर गर्दीमुळे वाया काहीच जात नाही, छोट्या वस्तीतल्या शिबिरात थोडं जातं. फक्त वाया जाण्यावर गुण दिले तर सगळी लस मोठ्या केंद्रांकडेच सरकते. अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या रोगनियंत्रण संस्थेने, पुरवठा वाढल्यावर 2021मध्येच सांगितलं की पात्र माणूस समोर असेल तर काही डोस वाया गेले तरी चालतील, कुपी उघडा.

आणि उलट प्रसंग: संध्याकाळी उघड्या कुपीत चार डोस उरलेत. इथेच ओळखीपाळखीचा शिरकाव होतो. उपाय साधा आहे. ऐन वेळी बोलावता येतील अशा नावांची यादी सकाळीच करायची, तीही प्राधान्यक्रमाने आणि अर्ध्या तासात पोचू शकतील अशाच लोकांची. बंद करण्याच्या एक तास आधी फोन सुरू करायचे आणि कोणाला बोलावलं ते वहीत लिहायचं. यादी आधी नसेल तर ऐन वेळी जो जवळ उभा असेल त्याला लस मिळते, आणि जवळ उभा असणारा बहुधा कोणाच्या तरी ओळखीचा असतो.

## नोंदणीचं दार

भारतात 1 मे 2021पासून 18 ते 44 वयोगटाला लस खुली झाली तेव्हा कोविन संकेतस्थळावर आधी वेळ घेणं सक्तीचं होतं. नवीन वेळा दिसताच कळवणारे प्रोग्रॅम लोकांनी लिहिले. शहरातले तरुण गाडी काढून दूरच्या गावांतल्या केंद्रांवर जाऊ लागले आणि गावकरी बघत राहिले. 24 मे रोजी सरकारी केंद्रांवर थेट जागेवर नोंदणीची मुभा मिळाली. 31 मेच्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानेही डिजिटल दरीचा मुद्दा ठळकपणे मांडला.

चांगल्या व्यवस्थेत दारं अनेक असतात: संकेतस्थळ, फोन, घरी येणारी आरोग्यसेविका, आणि थेट येणाऱ्यांसाठी राखलेला वाटा. संकेतस्थळावर घाईची शर्यत लावण्याऐवजी नावं आठवडाभर घ्यावीत आणि मग चिठ्ठी काढावी. बोटं किती वेगाने चालतात याला मग काही अर्थ उरत नाही. ओळखपत्र नसलेल्यांसाठीही रस्ता हवा. भारताने मे 2021च्या पहिल्याच आठवड्यात भटके समूह, कैदी, वृद्धाश्रमातले लोक यांच्यासाठी तशी कार्यपद्धती काढली होती. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी तर दार त्यांच्याच घराचं. मुंबईत ही घरपोच लस 2021मध्ये सुरू झाली. एका पथकाला दिवसात मोजकीच घरं होतात, कारण प्रत्येक घरी लस दिल्यावर अर्धा तास थांबायचं असतं.

वेळेचंही गणित आहे. केंद्र सकाळी नऊ ते पाच चालत असेल तर कामावर जाणाऱ्याला लस म्हणजे एका दिवसाची मजुरी, आणि दुसऱ्या दिवशी ताप आला तर दोन दिवसांची. संध्याकाळची आणि रविवारची सत्रं ही सोय नसून गरज आहे.

## 'आधी वेगाने द्या, न्यायाचं नंतर बघू'

ही सर्वांत जोरदार हरकत, आणि तिच्यात तथ्य आहे: फ्रिजमध्ये पडून राहिलेली लस कोणालाच वाचवत नाही. पण टंचाईच्या काळात अडसर असतो डोसचा, टोचणाऱ्या हातांचा नव्हे. आठवड्याला 20,000 डोस येणार असतील तर ते कोणत्याही क्रमाने दिले तरी 20,000च दिले जातात. म्हणून नेमका तेव्हाच क्रम महत्त्वाचा असतो. पुरवठा मुबलक झाल्यावर अडसर बदलतो, तेव्हा गट आणि राखीव वेळा झपाट्याने सैल करायला हव्यात.

वेग खरोखर मंदावतो तो जागेच्या नियोजनात. तासाला 60 जणांना लस द्यायची आणि प्रत्येकाला 30 मिनिटं निरीक्षणाखाली बसवायचं तर एका वेळी 30 खुर्च्या लागतात. अंतर राखून 30 खुर्च्या मावतील अशी खोली दाट वस्तीत मिळत नाही, म्हणून शाळा, सभागृह किंवा मंडप आधीच शोधून ठेवावा लागतो. शिबिर रखडतं ते बहुतेक वेळा खुर्च्यांपाशी, सुईपाशी क्वचितच.

## 'लोकांनाच लस नको असते'

काहींना नको असते, हे खरं. पण 'नको' आणि 'जमत नाही' हे आकड्यांत एकसारखेच दिसतात. फरक ओळखायची एक व्यवहार्य पद्धत आहे: त्याच वस्तीत, नोंदणीशिवाय, संध्याकाळी, ओळखीच्या आरोग्यसेविकेसोबत दोन दिवस शिबिर घ्या. गर्दी झाली तर अडचण पोचण्याची होती. नाही झाली तर मग शंका ऐकायला बसा, आणि त्यासाठी माणूस त्या वस्तीची भाषा बोलणारा हवा. पहिलं न करता वस्तीवर 'अडाणी'पणाचा शिक्का मारणं हा दुहेरी अन्याय आहे.

## 'राखीव वेळा भलतेच लोक लाटतील'

लाटतात. कॅलिफोर्नियात कृष्णवर्णीय आणि लॅटिनो वस्त्यांसाठी दिलेले नोंदणीचे सांकेतिक क्रमांक फेब्रुवारी 2021मध्ये लॉस एंजेलिसच्या सुखवस्तू लोकांच्या फोनवर फिरले. एकच क्रमांक कितीही जणांना चालत होता, ही रचनेतली चूक होती. नंतर व्यक्तिगत क्रमांक देण्याकडे वळावं लागलं. घरोघरी जाऊन नाव घेतलं तर हा प्रश्न बराचसा मिटतो.

काही वेळा अडथळा वरून येतो. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातल्या डॅलस काउंटीने (जिल्ह्याने) जानेवारी 2021मध्ये धोक्याच्या पिनकोडना प्राधान्य द्यायचं ठरवलं. राज्याने पुरवठा कमी करण्याचा इशारा दिला आणि बेत मागे घ्यावा लागला. शहराचा अधिकार कुठे संपतो, ते लस यायच्या आधीच लेखी स्पष्ट करून घेतलेलं बरं.

## दुसरा डोस

शिबिर संपलं, फोटो निघाले, पथक पुढच्या वस्तीत गेलं. दुसऱ्या डोसची तारीख येते तेव्हा अनेकदा तिथे कोणीच नसतं. कोविशील्डचं अंतर मे 2021मध्ये 12 ते 16 आठवडे झालं. एवढ्या काळात भाड्याच्या खोलीत राहणारा मजूर पत्ता बदलतो, फोन नंबर बदलतो, गावी जातो. काही शहरांनी बेघरांसाठी जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीची एका डोसची लस निवडली, तर 'गरिबांना वेगळी लस का?' असा रास्त प्रश्न आला, आणि एप्रिल 2021मध्ये ती लस अमेरिकेत दहा दिवस थांबवली गेली तेव्हा शंका आणखी वाढल्या.

म्हणून पहिल्या शिबिराचं वेळापत्रक ठरवतानाच त्याच जागेवर, त्याच वारी, त्याच वेळी दुसरं शिबिर ठरवून टाकायचं आणि तारीख कार्डावर मोठ्या अक्षरांत लिहायची. त्या तारखेला तेवढे डोस त्या वस्तीच्या नावाने बाजूला ठेवायचे. फोन नंबर दोन घ्यायचे, एक स्वतःचा आणि एक शेजाऱ्याचा. जो आला नाही त्याला तिसऱ्या दिवशी फोन आणि सातव्या दिवशी घरी भेट. आणि प्रभागवार तक्ता जाहीर करताना पहिल्या डोसशेजारी दुसऱ्या डोसचा रकाना ठेवायचा, कारण मागे राहिलेल्या वस्त्या पुन्हा मागे पडायला लागतात त्या याच रकान्यात.